जाळीआडचे सहा आठवडे

पिंजऱ्यातल्या लेअर कोंबडीची फार्मवरची कारकीर्द साधारण ७२ ते ८० आठवड्यांची. त्यानंतर तिच्या अंड्यांतून खाद्याचा खर्चही धड निघेनासा होतो आणि अख्खी बॅच एकदम विकली जाते. बहुतेक जणी कत्तलीला जातात. थोड्या कुणी दया येऊन सोडवून आणतं, काही स्वस्तात मिळतात म्हणून गावात घरोघर येतात, एखादी हमरस्त्यावर गाडीतून पडलेली सापडते. ज्यांच्या परसात आधीच चार-सहा गावरान किंवा गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींच्या कोंबड्या फिरत असतात, त्यांनाच बहुधा हे सुचतं. खुराडं आहे, दाणा आहे, आणखी तिघी मावतील, असा हिशेब असतो. मग पहिला प्रश्न ठरलेला: जुन्या कोंबड्या हिला टोचून मारणार तर नाहीत? भीती रास्त आहे. पण तिच्यापायी लोक भांडण कसं थांबवायचं याच्याच मागे लागतात, आणि खरं नुकसान करते ती घाई. आणल्या दिवशीच नवी कोंबडी जुन्यांच्या खुराड्यात गेली की आजारावर पहारा राहत नाही, खंगलेल्या शरीराला सावरायला अवधी मिळत नाही आणि भांडणात हरणारीला पळायला वाट राहत नाही. तिन्हींवर उपाय एकच: वेळ द्यायचा आणि मध्ये जाळी ठेवायची. या कामाला सहा आठवडे लागतात. ते का लागतात आणि त्यात काय करायचं, ते सविस्तर पाहू.

आधी येणारी पाहुणी कशी आहे ते नीट बघायला हवं. आपल्याकडच्या पांढऱ्या लेअरमध्ये बीव्ही-३०० ही व्हाइट लेगहॉर्नपासून तयार केलेली जात सर्रास दिसते. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी द्यावीत म्हणूनच ती घडवलेली आहे. तिच्या पूर्वजांतली लाल रानकोंबडी वर्षाला जेमतेम १०-१५ अंडी घालते. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. ते खाद्यातून पुरेसं आलं नाही की शरीर हाडांतून काढून देतं, आणि चालणं-उडणंच नसल्याने हाडं आणखी ठिसूळ होतात. भारतात २०२३ च्या नियमांनी एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा ठरवली आहे. ए-फोर कागद ६२० च्या वर भरतो; म्हणजे नियम काटेकोर पाळला तरी तिच्या वाट्याला त्या कागदाएवढीही जागा येत नाही. अशी कोंबडी हातात घेतली की छातीचं मधलं हाड बोटांना टोकदार लागतं, आणि पुष्कळदा त्यावर एखादी गाठ किंवा बाक जाणवतो. ती जुन्या, आपोआप सांधलेल्या मोडीची खूण. तुरा मोठा, फिका, एका डोळ्यावर लोळलेला. नख्या वाढून वळलेल्या. मानेवरची आणि शेपटीजवळची पिसं घासून गेलेली. चोच शेंड्याशी कापलेली असते, त्यामुळे जमिनीवरचा सुटा दाणा उचलणं तिला जड जातं आणि अंगावरच्या उवा वेचणंही. तिला कधीही पाय धरून उलटी उचलू नये. दोन्ही पंख अंगाशी धरून, पोटाखाली हात घालून उचलावी. उलटी लटकवलेली कोंबडी फडफडली तर असल्या हाडांचा पंख तेवढ्यानेही मोडतो.

आता आजारांकडे वळू. फार्मवरच्या कोंबडीला सगळ्या लशी दिलेल्या असतात, तेव्हा तिच्यापासून कसला धोका, असं पुष्कळांना वाटतं. लस कोंबडीला आजारी पडण्यापासून वाचवते. ती जंतू बाळगणारच नाही, याची हमी देत नाही. मरेक या आजारात हे स्पष्ट दिसतं. व्यापारी हॅचरीत एका दिवसाच्या पिल्लाला मरेकची लस टोचतात. अँड्र्यू रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं आढळलं की लस दिलेल्या कोंबड्या मरेकचा जहाल विषाणू अंगात घेऊनही जगतात आणि तो बाहेर टाकत राहतात, तर त्यांच्या संगतीतल्या, लस न दिलेल्या कोंबड्या त्याच विषाणूने दगावतात. आपल्या परसात खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ही लस कुणी दिलेली नसते. सीआरडी, म्हणजे जुनाट श्वसनरोग, घडवणारा मायकोप्लाझ्मा तर एकदा शिरला की वरवर ठणठणीत दिसणारी कोंबडीही तो बाळगून असते, आणि प्रवास, उपास, भांडण असा ताण आला की पुन्हा पसरवू लागते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जाळीच्या तळावर उभ्या राहिलेल्या कोंबडीची विष्ठा खाली पडून जाते. माती आणि विष्ठा पायाला न लागल्यामुळे रक्ती हगवणीच्या जंतूंशी तिच्या शरीराची ओळख झालेली नसते. आपल्या कोंबड्या लहानपणापासून थोडे थोडे जंतू पोटात जाऊन त्यांना सरावलेल्या असतात. नवीला तीच माती पहिल्या पंधरवड्यात आडवी करू शकते. जंतांचं आणि पिसवांचंही असंच. म्हणून विलगीकरण दोघींसाठी आहे, आपल्या कोंबड्यांसाठी आणि नवीसाठीही.

हे विलगीकरण ३० दिवसांचं असावं. राणीखेत, ज्याला गावाकडे मानमोडी म्हणतात, तो बहुधा आठवड्याभरात डोकं वर काढतो. पण जागतिक पशुआरोग्य संघटना त्याचा सुप्तकाळ २१ दिवसांपर्यंत धरते. कोरायझाची सर्दी दोन-तीन दिवसांत दिसते, मायकोप्लाझ्माची लक्षणं मात्र तीन आठवडेही घेऊ शकतात. ते तीन आठवडे आणि वर आठवडाभराची खात्री, असा हा महिना. जागा जुन्या खुराड्यापासून जितकी लांब तितकी चांगली: घराची दुसरी बाजू, रिकामा गोठा, गाडीची शेड, गच्चीचा सावलीतला कोपरा. वारा तिकडून आपल्या कोंबड्यांकडे वाहत नाही ना, ते पाहावं. दाण्या-पाण्याची भांडी वेगळी, झाडू वेगळा, चपलांचा एक जोड फक्त तिथल्यासाठी. रोजचा क्रमही ठरलेला असावा: आधी जुन्यांचं काम उरकायचं, मग नव्यांकडे जायचं आणि परतताना साबणाने हात धुवायचे. डोळ्यांत फेस, नाकपुडीला चिकटलेला दाण्याचा भुसा, हिरवी किंवा रक्ताळ विष्ठा, वाकडी मान यांकडे दिवसा लक्ष ठेवावं. रात्री सगळं निजल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहून कान द्यावा. दिवसाच्या गलबल्यात न ऐकू येणारी घरघर आणि शिंक तेव्हा स्वच्छ ऐकू येते. दुसऱ्या आठवड्यात ताज्या विष्ठेचा नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा आणि जंताचं औषध तिथल्या सल्ल्यानेच द्यावं. वजन न करता अंदाजाने पाजलेलं औषध एक तर वाया जातं, नाही तर बाधतं. फार्मवर शेवटच्या दिवसांत कोणतं औषध चालू होतं ते विचारून घ्यावं. उत्तर मिळालं नाही, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली अंडी खाऊ नयेत.

याच महिन्यात आपल्या जुन्या कोंबड्यांचं राणीखेतचं लसीकरण पुरं करून घ्यावं. परसातल्या कोंबड्यांना पिल्लूपणी लस दिली गेली असली तरी पुढे वर्षानुवर्षं ती चुकते, हा सगळीकडचा प्रकार आहे. लासोटा या राणीखेतच्या लशीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा कालवली की थोड्या वेळात संपवावी लागते, म्हणून आठ कोंबड्यांसाठी कुणी ती फोडत नाही. आळीतल्या पाच-सहा घरांनी एक सकाळ ठरवली तर ती अडचण सुटते आणि शेजारच्या कोंबड्याही सुरक्षित होतात. विलगीकरणात एखादी कोंबडी अचानक मेली तर तिला उकिरड्यावर टाकू नये, कापून पाहू नये, दवाखान्यात कळवावं. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता, आणि तेव्हापासून महाराष्ट्राला तो परका राहिलेला नाही. आसपास पक्ष्यांच्या मरतुकीची बातमी असेल त्या दिवसांत कितीही दया आली तरी बाहेरची कोंबडी आणू नये.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की ज्या जिवाने जन्म पिंजऱ्यात काढला त्याला सोडवून पुन्हा महिनाभर कोंडायचं, हे कसलं भूतदयेचं काम? कळवळा खरा आहे, पण जन्मभराच्या पिंजऱ्याशी या महिन्याची बरोबरी होत नाही. चार-पाच जणींना सहा फूट बाय आठ फूट जागा, खाली भाताचं तूस, एका कोपऱ्यात राख आणि माती, अंगावर कोवळं ऊन एवढं मिळालं, तर पंख पसरण्याची, पायांनी उकरण्याची आणि धुळीत लोळण्याची त्यांच्या आयुष्यातली पहिली संधी याच जागेत मिळते. शिवाय पायांत बळ नसलेल्या कोंबडीला पहिल्याच दिवशी अख्खं आवार मिळालं तर ती ते वापरत नाही, एका कोपऱ्यात बसून राहते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: गावात कोंबड्या मोकळ्या फिरतात, शेजाऱ्यांच्या कोंबड्यांत मिसळतात, तिथे कसलं विलगीकरण? हा आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. जुन्या कोंबड्यांना बांधून ठेवता येत नाही हे खरं, पण नव्यांना तर बंद ठेवता येतं आणि बाहेरच्यांना त्यांच्या जाळीपर्यंत येण्यापासून अडवता येतं. तेवढीही सोय ज्यांच्याकडे नाही, त्यांनी ओळखीच्या, कोंबड्या नसलेल्या घरी महिनाभर सोय लावावी. तेही जमत नसेल तर कोंबड्या आणू नयेत. सोडवलेल्या तिघींसाठी आपल्या आणि शेजारच्या मिळून तीस कोंबड्या पणाला लावणं हा दयेचा हिशेब होत नाही.

शिकवण्याचं कामही याच महिन्यात होतं, आणि बहुतेक जण ते विसरतात. पिंजऱ्यातली कोंबडी पाणी पिते निपलला चोच लावून. भांड्यातलं उघडं पाणी हे पाणी आहे हे तिला कळेलच असं नाही. उन्हाळ्यात अशी कोंबडी भरल्या भांड्याशेजारी तहानेने मान टाकते. पहिल्या दिवशी प्रत्येकीची चोच हळूच पाण्यात बुडवावी, दर तासा-दोन तासांनी पुन्हा पाहावं, आणि शक्य तर बादलीला निपल लावून काही दिवस दोन्ही सोयी ठेवाव्यात. कापलेल्या चोचीमुळे दाणा पसरून टाकू नये. दोन-तीन इंच थर राहील अशा खोलगट भांड्यात द्यावा, म्हणजे चोच खुपसून घास भरता येतो. खाद्य एकदम बदलू नये. फार्मवर तिला लेअर मॅश मिळत होतं, ज्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. तेच चालू ठेवून दुसऱ्या आठवड्यापासून मका, बाजरी, तांदळाची कणी थोडी थोडी मिसळावी. रोजचा सुमार एका कोंबडीला ११० ग्रॅमच्या आसपास. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, ज्या अंडी घालत असतील त्या गरजेपुरता खातात. पिल्लांना आणि तलंगांना मात्र लेअर मॅश लागू देऊ नये, जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. बसायची दांडी पहिल्यांदा जमिनीपासून वीतभर उंच असावी. पाय घट्ट झाल्यावर ती वर न्यावी. आणि अंधार पडला की आत जायचं असतं, हे तिला माहीत नसतं. पहिले आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी उचलून आत ठेवावं लागतं. थंडीत उघड्या अंगाच्या कोंबड्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसतात आणि खालची गुदमरते; वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावावं आणि कोपऱ्यात तूस उंच सारून तो बुजवून टाकावा.

फार्मवर विजेच्या दिव्यांनी दिवस १६ तासांचा केलेला असतो. आपल्या परसात तो डिसेंबरात ११ तासांवर येतो. या फरकाने अंडी थांबतात आणि उरलीसुरली पिसंही झडू लागतात. घाबरून जाऊन कुणी तिला टॉनिकं पाजतं. त्याची गरज नसते. पिसं म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिनं, तेव्हा या काळात सुकटीचा चुरा किंवा शेंगदाण्याची पेंड थोडी वाढवावी आणि वाट पाहावी. नवी पिसं पुरी यायला दोन ते तीन महिने लागतात. मिसळण्याच्या दृष्टीने याला महत्त्व आहे, कारण पिसं हेच चोचीपासूनचं तिचं चिलखत असतं. कोवळ्या पिसाच्या मुळात रक्त असतं, तिथे टोच बसली की रक्त येतं, आणि रक्ताचा लाल ठिपका दिसला की इतर सगळ्याच तिथे टोचू लागतात. निदान पाठ आणि शेपटीची मुळं झाकली जाईपर्यंत जाळी काढू नये, मग सहाचे आठ आठवडे झाले तरी चालतील.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे, भांडणाकडे. कोंबड्यांच्या कळपात कुणी कुणाला टोचायचं याची ठरलेली उतरंड असते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लेफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. वरची खालचीला टोचते, खालची उलटून टोचत नाही, आणि हे एकदा ठरलं की प्रत्येक दाण्यावरून नव्याने भांडावं लागत नाही. उतरंडीचा उपयोगच तो आहे: ती रोजची मारामारी वाचवते. नवी कोंबडी आली की प्रत्येक जुनीशी तिचं नातं नव्याने ठरावं लागतं. तीन नव्या आणि सहा जुन्या म्हणजे अठरा जोड्यांचा निकाल लागायचा असतो. हा निकाल आपण टाळू शकत नाही, पुढे ढकलू शकतो इतकंच. म्हणून भांडण थांबवण्याच्या भरीस पडू नये. निकाल लागताना हरणारीला फार किंमत मोजावी लागू नये, एवढं आपल्या हातात आहे. दोन अनोळखी कोंबड्या समोरासमोर येतात तेव्हा मानेची पिसं फुलवतात, डोकी एका पातळीवर आणून डोळ्याला डोळा भिडवतात. एखादी उडी, एक-दोन टोचा, आणि एकीने डोकं खाली करून पाठ फिरवली की बहुधा विषय संपतो. संपत नाही तो पाठ फिरवायला जागा नसली की. हरलेली समोरच उभी राहिली, तर जिंकणारीच्या लेखी ती अजून हरलेली नसते. खुराड्यातल्या मारामाऱ्या जीवघेण्या होतात त्या यामुळे. पिंजऱ्यातून आलेलीला तर आयुष्यात तीन-चार सोबतिणींपलीकडे कुणी माहीत नसतं, आणि मागे सरायचं कसं हेही तिला शिकायचं असतं.

महिना संपता संपता नव्यांना जुन्यांच्या आवारालगत आणावं आणि मध्ये जाळी लावावी. भोकं इतकी बारीक हवीत की डोकं आरपार जाणार नाही. दहा ते पंधरा दिवस त्या एकमेकींना पाहतील, ऐकतील, जाळीवर झेपा घेतील आणि कंटाळतील. दाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना ठेवावीत. पहिल्या दिवशी लांब, मग रोज थोडी जवळ, शेवटी समोरासमोर. परक्या कोंबडीच्या तोंडासमोर निवांत दाणा टिपता येऊ लागला, की निम्मं काम झालं. विलगीकरणाचा महिना निर्वेध गेला असेल तर त्याच्या शेवटच्या आठवड्यात जुन्यांतली एक धडधाकट, शांत स्वभावाची कोंबडी नव्यांत राहायला पाठवण्याचीही रीत आहे. नव्या जणींत लपलेला आजार असला तर तो तिच्यात दिसतो, आणि नसला तर परत जाताना ती ओळखीची साखळी घेऊन जाते. त्या एका कोंबडीला आपण धोक्यात घालतो, हे मात्र जाणूनच ती पाठवावी.

इथे जुन्या जाणत्यांचा एक सल्ला आडवा येतो: रात्री गुपचूप नवी कोंबडी दांडीवर बसवा, सकाळी कुणाला कळत नाही. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, म्हणून रात्र शांत जाते, हे बरोबर. पण कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या प्रामुख्याने डोळ्यांनी, आणि त्यातही डोक्यावरून-तुऱ्यावरून. गुल आणि ऑर्टमन या संशोधकांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तुरा आणि डोक्याचं रूप बदलल्यावर कळपातल्याच कोंबडीला सोबतिणी परकी मानू लागल्या. तेव्हा उजाडलं की नवी कोण हे सगळ्यांना कळतंच, आणि कळतं ते नेमकं बंद खुराड्यात, मालक उठून दार उघडेपर्यंत. सगळ्यांना एकाच वासाची पावडर फासण्याचा उपायही याच कारणाने लंगडा आहे. रात्रीच्या युक्तीने काम फत्ते झाल्याची उदाहरणं लोक देतात, ती खोटी नसतील. मोठं आवार, लवकर उघडलं जाणारं दार आणि धट्टीकट्टी गावरान पाहुणी असेल तर ते निभतं. ठिसूळ हाडांच्या, उघड्या पाठीच्या लेअरवर तो प्रयोग करू नये. जाळीआडची ओळख झाल्यावर पहिली एकत्र रात्र मात्र अशीच घडवावी, अंधार पडल्यावर नव्यांना दांडीच्या टोकाला बसवून, आणि पहाटे फटफटताच आपण हजर राहून.

जाळी उघडण्यासाठी संध्याकाळची वेळ निवडावी, मावळतीच्या तासभर आधीची. तेव्हा सगळ्यांचं लक्ष पोट भरून दांडी गाठण्याकडे असतं आणि भांडण लांबलं तरी अंधार ते मिटवतो. एकटी कोंबडी कधी सोडू नये, निदान दोघी-तिघी एकत्र, म्हणजे मार वाटला जातो. त्याच दिवशी आवाराची मांडणी थोडी बदलावी: दांडीची जागा, भांड्यांची जागा, एखादा ओंडका. जुन्यांनाही जागा नवी वाटली की तिच्यावरचा हक्क सैल होतो. भिंतीला तिरक्या टेकवलेल्या फळ्या, पालथं अर्धवट उचललेलं डालगं, केळीची वाळकी पानं अशी आडोशाची ठिकाणं करावीत, पण प्रत्येकाला दोन वाटा हव्यात. एका वाटेचा आडोसा हा सापळा असतो. दाण्याची आणि पाण्याची भांडी किमान तीन ठिकाणी, एकमेकांपासून दिसणार नाहीत अशी. शेवग्याच्या पाल्याची किंवा कोबीची जुडी उंचावर टांगली की सगळ्यांना उड्या मारायला काम मिळतं. दांडीवर प्रत्येकीला निदान २० सेंटिमीटर जागा असावी, आणि खालच्या क्रमाच्या जणींसाठी दुसरी दांडी वेगळ्या टोकाला.

हात कधी घालायचा? एक टोच, चार पावलांचा पाठलाग, मान फुलवणं, याकडे पाहत राहावं. मध्ये पडलं की निकाल अर्धवट राहतो आणि उद्या पहिल्यापासून सुरू होतो. रक्त आलं, तिघी मिळून एकीवर तुटून पडल्या, किंवा एखादी कोपऱ्यात डोकं खुपसून निपचित बसली, तर लगेच बाजूला काढावी. जखम स्वच्छ करून जेन्शियन व्हायोलेट किंवा हळद लावावी. जंतूंचा बंदोबस्त होतो आणि लाल रंग झाकला जातो, दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोलाचा. वारंवार हल्ला करणारी एखादीच असेल तर नवीला न हलवता त्या दांडगीलाच चार-पाच दिवस जाळीआड ठेवावं. ती परतते तेव्हा तिलाच आपली जागा पुन्हा मिळवायची असते, आणि तोवर नवीचे पाय रोवलेले असतात. मात्र सगळ्यात घातक प्रकार आवाज करत नाही, तो म्हणजे उपासमार. दाण्याजवळ येऊ न दिलेली कोंबडी दिवसभर लांब उभी राहते आणि ती शांत आहे असं आपल्याला वाटतं. त्यासाठी रोज रात्री दांडीवर बसल्यावर नव्या प्रत्येकीच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपावी. ती लिंबाएवढी भरलेली, आत दाणा जाणवणारी असली तर सगळं ठीक; लागोपाठ दोन रात्री रिकामी, सपाट लागली तर भांडं वाढवावं किंवा तिला दुपारी वेगळं खाऊ घालावं. आठवड्याला एकदा वजन करावं. लेअर जेमतेम दीड किलोची असते, तिचं शंभर-दीडशे ग्रॅम उतरणं मोठं आहे.

कोंबड्याचा प्रश्न वेगळा. कळपात कोंबडा असला तर माद्यांची भांडणं तो काही प्रमाणात मोडतो, म्हणून काही जण त्याच्यावर विसंबतात. पण गिरिराजसारखा तीन किलोंच्या वरचा नर उघड्या पाठीच्या, ठिसूळ हाडांच्या मादीवर चढला तर आऱ्यांनी कातडी फाटते. पिसं येईपर्यंत तो जाळीपलीकडेच बरा. खुडूक बसलेली किंवा पिल्लं घेऊन फिरणारी कोंबडी असेल तेव्हा मिसळण्याचं काम पुढे ढकलावं. आई जीव तोडून हल्ला करते, आणि मरेकमुळे कोवळ्या पिल्लांना नव्यांपासून लांब ठेवणं तसंही गरजेचं आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात आणि पावसाच्या पहिल्या जोरात जाळी उघडू नये. पाऊस ओसरल्यापासून थंडी वाढेपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. गाडीतून पडलेला ब्रॉयलर मात्र या मार्गाने न्यायचाच नसतो: त्याचं वजन पायांना पेलत नाही, त्याला खाद्य मोजून द्यावं लागतं आणि तो पळून हरू शकत नाही. त्याची सोय कायमची वेगळी करावी.

राहिला खर्चाचा आक्षेप: अंडी आटलेल्या कोंबडीसाठी एवढा खटाटोप कशाला? ती आटलेली नसते, कमी झालेली असते. पिसं आल्यावर यांतल्या बऱ्याच जणी पुन्हा अंडी घालू लागतात, आणि फार्मच्या गणिताला न परवडणारा त्यांचा अंड्यांचा आकडा वर्षाला ६०-७० अंडी देणाऱ्या गावरान कोंबडीच्या मानाने पुष्कळ असतो. इंग्लंडमध्ये जेन हॉवर्थ यांनी २००५ मध्ये उभी केलेली संस्था, आजची ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट, अशा कोंबड्या घरोघर देत आली आहे आणि घेणाऱ्यांची तिथे वाण नाही. तरीही अंड्यांच्या आशेने या आणू नयेत. इतकी अंडी घातलेल्या शरीरात अंडाशयाचे विकार, पोटात पाणी होणं, अंडं अडकणं हे लवकर उद्भवतं. पुष्कळ जणी एक-दोन वर्षांतच जातात. पाय फाकवून उभी राहणारी, पोट लोंबणारी, दांडीवर न चढणारी कोंबडी दिसली तर ती पुन्हा जाळीआड, दाणा-पाण्याशेजारी हलवावी, कारण कमजोर झालेलीला कळप खालच्या पायरीवर ढकलतोच, आणि मग डॉक्टरांना दाखवावं. तिघींतल्या दोघी गेल्या आणि तिसरी एकटी मागे राहिली, तर तिला सोबत म्हणून घाईने नवी खेप आणायचा मोह होतो. ती आतापर्यंत जुन्या कळपाचीच झालेली असते. नवी खेप आलीच, तर तिचेही ३० दिवस वेगळ्या जागी, वेगळ्या चपला घालूनच मोजावे लागतात.